साहेबी काढा

माझ्या सासरी दर आश्विनात, डोंगरातल्या सीताफळांनी डोळे उघडले की, पाहुण्यांची बैठक भरायची. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. जमीन बऱ्यापैकी होती आणि गावामागच्या टेकडीवरचा रमणा, म्हणजे गुरांसाठी राखलेलं गवताचं रान, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे होता. निजामाचं राज्य होतं. तालुक्याचे अंमलदार, मोमिनाबादेकडचे, म्हणजे आताच्या अंबाजोगाईकडचे, दोन-चार जमीनदार, एखादा वकील अशी मंडळी घोड्यांवरून, बैलांच्या दमणीतून यायची. मळ्यातल्या विहिरीजवळ मांडव पडायचा, सतरंज्या अंथरल्या जायच्या, आणि ऊन कललं की काचेच्या पेल्यांतून एक लाल, गरम पेय फिरायचं. पुरुष त्याला पंच म्हणत. आम्ही बायका म्हणायचो साहेबी काढा. दारू हा शब्द आमच्या घरात मोठ्यानं काढायची सोय नव्हती.

सोय नव्हती ती माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. मी त्यांना अक्का म्हणायची. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. सासू-सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेले, त्यामुळे घर अक्कांचं आणि त्यांच्या मालकांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांना अख्खं गाव ‘थोरले’ म्हणायचं. थोरले माझ्याशी कधी बोलत नसत. रीतच नव्हती. मला काही सांगायचं असलं तर ते अक्कांकडे बघून म्हणायचे, धाकटीला सांगा, आणि मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलेलं असलं तरी अक्का ते मला पुन्हा सांगायच्या.

थोरले एकदा कज्ज्यासाठी हैदराबादेला गेले होते. तिथं एका वकिलाच्या घरी त्यांनी हे पेय घेतलं आणि येताना ते करणारा आचारीच घेऊन आले. हा आचारी गोव्याकडचा ख्रिस्ती, म्हातारा, सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेला. त्याची बोली दख्खनी, मराठी आणि त्याच्या मुलखाची अशी तिन्हींची खिचडी होती. मी घरात आले तेव्हा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लवंग आणि वेलदोडा तो बोटांनी ओळखी, पण विस्तवाचा रंग त्याला दिसेना. देगचीजवळ कुणीतरी डोळस माणूस लागायचं. अक्का मळ्यातल्या त्याच्या झोपडीकडे फिरकणार नव्हत्या, मोलकरणी दारूला हात लावायला तयार नव्हत्या, म्हणून थोरल्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, धाकटीला पाठवा.

मला ते आवडलं. खरं सांगायचं तर घरात माझा जीव लागत नव्हता. आमच्या घरच्या बायकांना गोषा होता. दिंडी दरवाजाच्या बाहेर पाय टाकायचा तर निमित्त लागायचं. मी परसातून माजघरात, माजघरातून परसात अशा येरझारा घालायची. अक्का म्हणायच्या, “तुज्या पायाला काय चावतंय गं?” मळ्यातली ती झोपडी, विहिरीवरची मोट, वर दिसणारा घाटाचा रस्ता, हे सगळं मला त्या काढ्यामुळे मिळालं.

करायचं काय तर आधी देगचीची कल्हई बघायची. कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट घातलं की सगळं कळकायचं. मग दालचिनी, लवंगा, वेलदोडे, सुंठ आणि जायफळाचा तुकडा जाडसर कुटून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची. ती गुळाच्या पाण्यात खदखदू द्यायची. पाणी तपकिरी होऊन झोपडीभर वास सुटला की महाळुंगाच्या चकत्या, पेरूच्या फोडी, मूठ-मूठ डाळिंबाचे दाणे. विस्तव ओढून घ्यायचा आणि मग बाटल्या फोडायच्या. द्राक्षाची लाल दारू हैदराबादेहून पेटीत गवत घालून यायची. ती घातली की म्हातारा माझ्यामागे उभा राहून नाकानं पहारा करायचा. “बाय, उबलने नक्को देव,” एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. उकळी आली की दारू मेली, असं त्याचं म्हणणं. बाकी त्याचं प्रमाण कधी ठरलेलं नव्हतं. एका वर्षी सुंठ जास्त, एका वर्षी जायफळ; विचारलं तर गेल्या वर्षीही असंच होतं म्हणून माझ्याशीच भांडायचा. पहिल्या वर्षी थोरल्यांनी हट्टानं त्यात सीताफळाचा गर घालायला लावला होता. सगळं दही फाटल्यासारखं झालं आणि तहसीलदार बोलता बोलता हातात बिया थुंकत बसले. त्यानंतर सीताफळं वेगळ्या परातीत ठेवायचं ठरलं.

मी तो काढा कधी चाखला नव्हता. म्हातारा चाखायचा, जरा जास्तच चाखायचा, आणि मान हलवायचा.

मी सांगते आहे ते वर्ष वाईट होतं. पाऊस मृगात थोडा शिंपडून गेला तो गेलाच. बाजरी कमरेएवढी होऊन वाळली. विहिरीला मोट जेमतेम चालायची. त्यातच बातमी आली की टेकडीवरचा रमणा सरकारी जंगलात घालणार. थोरल्यांची झोप उडाली. चारा नसलेल्या सालात रमणा गेला तर आमची आणि गावाचीही गुरं खाणार काय? ते दोनदा बीडला जाऊन आले. शेवटी कळलं की जिल्ह्याचे तालुकदारसाहेब, म्हणजे कलेक्टरच, दौऱ्यावर निघालेत, धारूरला त्यांचा मुक्काम पडणार आहे, आणि तिथून खाली उतरून ते आमच्या बैठकीला यायला राजी आहेत. टेकडी ते स्वतः डोळ्यांनी बघणार होते. त्यामुळे दुष्काळ असला तरी बैठक दर वर्षीपेक्षा मोठी व्हायची होती.

दारू आणायला थोरल्यांनी माझ्या नवऱ्याला हैदराबादेला धाडलं. ह्यांना धाडावं लागलं नाही; नुसतं नाव काढताच ह्यांनी घोड्यावर खोगीर घातलं. माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण हे घरी असे फार थोडे दिवस असायचे. कधी मालेगावच्या बाजाराला घोडी बघायला, कधी कुणाच्या वरातीला, कधी नुसतेच. घरी असले की दारात उभे. मी चिडायची, पण आतून मला हेवाही वाटायचा. निघताना हे म्हणाले, “तुला काय आणू?” मी म्हटलं, “मला घेऊन चला.” हे हसले आणि गेले. मी थट्टा केली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला एकसंध आठवत नाहीत. ऊन आश्विनाचं नव्हतं, वैशाखाचं होतं. वारा सुटायचा आणि फुफाटा घरात यायचा. मी झोपडी झाडून घ्यायची, देगची घासायची, मसाला निवडायची, आणि दर वेळी उठून घाटाकडे बघून यायची. वरून उतरणारे वाटसरू एक नवीनच तापाची गोष्ट सांगत होते. माणूस सकाळी बोलतं-चालतं असतं, दुपारी अंग मोडून पडतं, मान उभी राहत नाही, आणि तरणेताठेच जास्त जातात. त्याला लोक मानमोडी म्हणायला लागले होते. रेल्वेच्या गावांत घरंच्या घरं आडवी झालीत, असं एक बांगडीवाला ओट्यावर बसून सांगत होता. अक्कांनी त्याला पाणी दिलं आणि तांब्या राखेनं घासून उन्हात ठेवला.

हे आले ते घोड्यावर नव्हे. स्टेशनावरून पेटी आणायला आमची बैलगाडी गेली होती, त्या गाडीत गाडीवानाशेजारी पोटाशी गुडघे घेऊन बसलेले. घोडा मागं बांधलेला. हे उतरले तेव्हा गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले. थोरल्यांनी आधी पेटी उघडून बाटल्या बघितल्या. एकही फुटली नव्हती. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, प्रवासाचा शीण हाय, पडू द्या.

शीण नव्हता. तिन्हीसांजेपर्यंत ह्यांचं अंग फुटाण्याच्या कढईसारखं तापलं. नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी ज्याच्या शेजारी बसून हे आले होते तो गाडीवान पडला, त्याच्या पाठोपाठ त्याची बायको. वेशीजवळच्या घरांतून खोकल्याचे आवाज यायला लागले.

अक्का थोरल्यांना म्हणाल्या, बैठक पुढं ढकला. थोरल्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. साहेब काही परत येणार नाहीत, रमणा गेला तर गावातलं एक जनावर उभं राहणार नाही, तापाचं काय, ताप दर वर्षी येतो. ते ओरडले नाहीत. ते घाबरलेले होते, हे मला दाराआडून दिसत होतं. मग म्हणाले, “धाकटीला सांगा, काढा झाला पायजे. माणसाजवळ मोलकरीण बसंल.”

मी गेले. न जाऊन सांगते कुणाला? दुपारभर मी झोपडी आणि घर यांच्यामध्ये नुसती धावत होते. पुरचुंडी उकळायला टाकली की घरी जाऊन ह्यांच्या कपाळावरची पट्टी बदलायची, परत येऊन महाळुंग चिरायचं. बोटांना मसाल्याचा वास आणि नाकात तापाचा. मोलकरीण तासाभरातच ‘आलेच’ म्हणून जी गेली ती फिरकली नाही. म्हाताऱ्या आचाऱ्यानं त्या दिवशी एकदाही मला टोकलं नाही. मी वळून बघितलं तर तो भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. मी विचारलं, थंडी वाजतेय का. तो म्हणाला, “कुछ नै बाय, हवा है.” त्या झोपडीत वारा शिरत नव्हता.

मी बाटल्या ओतल्या. देगची काठोकाठ भरली. खाली राखेत निखारे ठेवले, वर झाकण घातलं, आणि तिथंच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी काचेचे पेले घेऊन माणसं दाटीवाटीनं सतरंजीवर बसणार, आमच्या आजारी घरातले गडी त्यांना पेले देणार, आणि संध्याकाळी ती सगळी आपापल्या गावाला जाणार. मोमिनाबाद, धारूर, वर केजकडं. गावांची काळजी मला किती होती, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. माझा नवरा घरात तळमळत होता आणि मळ्यात मांडवाचे खांब ठोकण्याचा आवाज चालला होता. मला तो आवाज बंद व्हायला हवा होता. एवढंच आधी मनात आलं. बाकीचं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले मळ्यात सतरंज्या घालून घेत असताना मी मागच्या दारानं तबेल्यात गेले. आमच्याकडे घोड्यांची देखभाल करणारा एक मोतद्दार होता, चाळिशीचा, अबोल. परपुरुषाशी मी असं कधी बोलले नव्हते. पदर पुढे ओढला आणि म्हटलं, धारूरला साहेबांच्या मुक्कामावर जायचं. सांगायचं की घरात मानमोडी आहे, गावात आहे, खाली उतरू नका. वाटेत जे पाहुणे भेटतील त्यांनाही हेच सांगायचं.

त्यानं विचारलं, “मालकांचा निरोप हाय का, बाईसाब?”

“घरचा निरोप हाय,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग घराकडे. त्याची बहीण गाडीवानाच्या घरी दिलेली होती, हे मला त्या क्षणी आठवलं नाही, पण त्याला आठवलं असावं. त्यानं खुंटीवरचा लगाम काढला आणि परसाच्या वाटेनं घोडं बाहेर नेलं.

मग थांबणं आलं. आयुष्यात मी पुष्कळ थांबले आहे, पण त्या दिवसासारखं नाही. ह्यांच्याजवळ बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. हे मधूनच डोळे उघडून विचारायचे, घोडं कुणी नेलं? तापातही ह्यांना टापा ऐकू आल्या होत्या. मी म्हटलं, पाण्यावर नेलंय.

थोरले रेशमी फेटा बांधून मांडवात बसले होते. ऊन कललं. घाटाचा रस्ता रिकामाच होता. एक दमणी दिसली, ती ओढ्यापाशी थांबली आणि वळली. ते थोरल्यांनीही पाहिलं. थोड्या वेळानं मोतद्दार आला, तो सरळ त्यांच्याकडेच गेला आणि त्यानं सगळं खरं सांगितलं. साहेबांनी निरोप ऐकला, तंबू उतरवायला लावले आणि बीडची वाट धरली.

थोरले अंगणात आले तेव्हा मी माजघराच्या दारात होते. अक्का तुळशीपाशी. त्यांनी अक्कांना विचारलं, “निरोप कुणी धाडला?”

अक्कांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “मी धाडला.”

ती बाई कधी खोटं बोलत नसे. मला तिथं उभं राहवेना. मी दाराबाहेर आले.

“न्हाई. अक्कांनी न्हाई. मी धाडला.”

थोरले प्रथमच माझ्याकडे थेट बघून बोलले. “कावून?”

मला वाटलं होतं मी पुष्कळ बोलेन. एवढंच बोलता आलं, “आत तुमचा भाऊ मरायला लागलाय. आन् तुमी मांडव घातलाय.”

त्यांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फेटा काढून हातात घेतला आणि ओट्यावर बसले. मग म्हणाले, “रमणा गेला.” ते मला म्हणाले की अक्कांना, की स्वतःलाच, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाही ताप भरला.

त्यानंतर गावात तापाशिवाय एक घर राहिलं नाही. वैद्य स्वतःच पडला होता. पाणी भरायला माणूस मिळेना. म्हाताऱ्या आचाऱ्यानं त्या झोपडीतून निरोप दिला की देगची वाया घालवू नका, छावणीत साहेबलोक तापात हेच पीत होते, गरम करून घोट-घोट द्या. मी अक्कांकडे गेले. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, “त्यानं बरं होतं का?” मी म्हटलं, ठाऊक न्हाई. त्या थोडा वेळ माळेवरून बोटं फिरवत राहिल्या. मग उठल्या, झोपडीत गेल्या, आणि ज्या देगचीच्या सावलीत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या तिच्यातून पहिला तांब्या त्यांनीच भरला.

आम्ही दोघी जावा गोषा सोडून गावभर फिरलो. मी विस्तव सांभाळायची, अक्का नेऊन द्यायच्या. मग मीही निघाले. महारवाड्यात, मुसलमानांच्या आळीत, वेशीतल्या घरांत. कुणी प्याले, कुणी नको म्हणाले. एका मुसलमान म्हातारीनं हात जोडले आणि म्हणाली, हराम आहे, मला नुसतं गरम पाणी दे. अक्कांनी तिला गरम पाणी दिलं आणि त्या तिच्याजवळ जरा जास्तच बसल्या. माणसांना त्या काढ्यानं ऊब यायची, घटकाभर डोळा लागायचा, छाती मोकळी झाल्यासारखी वाटायची. एवढंच. त्यानं बरं व्हायचं तर गाडीवान वाचला असता. तो सगळ्यांत आधी प्याला होता आणि तो गेला. त्याची बायको एक थेंबही न घेता उठून बसली.

ह्यांना मी चमच्यानं पाजायची. तेव्हाच एकदा, थोडा काढा ह्यांच्या ओठातून ओघळला तो मी बोटानं टिपून घेतला आणि तोंडात घातला. आंबट, गोड, तिखट, आणि मागून घशात एक चटका. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. मी उरलेला चमचा ह्यांना पाजला.

मग अक्का पडल्या. मी पेला घेऊन गेले. त्यांनी तोंड वळवलं. मी विनवलं, रडले, म्हटलं औषध आहे, औषधाला दोष नसतो. त्या म्हणाल्या, “गावाला दिलं ते गावाचं. मला नगं. माळ हाय गळ्यात.” मी पेला उशाशी ठेवून गेले, त्यांनी तो तसाच परत केला. मला त्यांचा राग आला, फार राग आला. त्या वाचल्या. का वाचल्या ते देवाला माहीत. थोरलेही वाचले, आणि हेही, जरी ह्यांच्या छातीत त्यानंतर कायमची घरघर राहिली.

आचारी गेला. मी सकाळी झोपडीत गेले तेव्हा तो भिंतीशी कुशीवर होता, हात गालाखाली. त्याला कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला. मसणवटा त्याचा नाही, कबरस्तान त्याचं नाही. त्याच्या माणसांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. थोरले नुकते उठून बसायला लागले होते, त्यांनी मळ्याच्या बांधालगतची जागा दाखवली. खड्डा खणायला दोनच माणसं उभी राहू शकत होती, मोतद्दार आणि वेशीवरचा राखणदार वेसकर. कुठली प्रार्थना म्हणायची ते कुणालाच येत नव्हतं. अक्का काठी टेकत आल्या आणि त्यांना येत होतं ते नामस्मरण त्यांनी केलं. त्याच्या मुलखात त्याला काय म्हणून हाक मारत असतील, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं.

थंडी पडली तसा ताप ओसरला. माघात सरकारी माणसं आली आणि टेकडीवर खुंट्या मारून गेली. रमणा गेला. साहेब खाली उतरले असते तर वाचला असता का, यावर घरात कधीच बोलणं झालं नाही. मला वाटतं, वाचलाही असता. उन्हाळ्यात आमची निम्मी गुरं मेली आणि गावाचीही मेली. काही लोक मला बघून तोंड वळवायचे. काही वाकून नमस्कार करायचे. दोन्ही मला सोसत नव्हतं. थोरले माझ्याशी बोलले नाहीत, पण आता ‘धाकटीला सांगा’ असंही म्हणेनासे झाले. मी खोलीत आले की ते उठून जायचे. बैठक पुन्हा भरली नाही.

मी आणखी अस्वस्थ झाले. आधी मला झोपडी होती, आता तीही नव्हती. गोषा एकदा मोडल्यावर अक्कांनी तो मला परत घ्यायला लावला नाही, पण जायचं तरी कुठं? विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. हे ओट्यावर बसून खोकायचे. डोंगर चढताना ह्यांना दम लागायचा आणि हे चिडायचे, घोड्यावर, गड्यांवर, माझ्यावर. एक दिवस हे म्हणाले, हैदराबादेत एका जागीरदाराच्या पागेवर देखरेखीला माणूस पाहिजे आहे, ओळखीचा माणूस आहे तिथं, मी जातो. मी विचारलं नाही. मी ट्रंक काढली.

हे म्हणाले, “तू कुठं?”

“तुमी जाताव तिकडं.”

“तिथं एक खोली मिळंल. आपलं मानूस कुणी न्हाई.”

“चालंल.”

आता परवानगी थोरल्यांची हवी होती. ती मागायला हे तयार होईनात, अक्काही होईनात. मीच गेले. थोरले ओट्यावर विडा लावत बसले होते. मी खांबाआड उभी राहिले नाही, समोर उभी राहिले, आणि सांगितलं की आम्ही दोघं जातोय. त्यांनी विडा पुरा लावला. मला वाटलं आता उठून जातील.

“तिथं पाणी बाधतंय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “उकळून पीत जावा.”

बस. तेवढंच. वर्षभरानं ते माझ्याशी बोलले ते एवढंच, आणि मी घरात येऊन ट्रंकेवर बसून खूप रडले.

निघायच्या दिवशी अक्कांनी माझी ओटी भरली. त्या म्हणाल्या, जीव रमला नाही तर ये. मी म्हटलं, येईन. दोघींनाही माहीत होतं की जीव रमण्याचा माझा स्वभाव नाही, तिथंही नाही आणि इथंही नाही. त्या जरा हसल्या.

गाडी घाटाला लागली. चढ कठीण होता, बैल फेस टाकत होते. हे उतरले आणि छातीवर हात ठेवून गाडीपुढं चालायला लागले. गाडीवान नवा होता, तो म्हणाला, बाईसाब, तुमी बसा. मी थोडा वेळ बसले. मग मीही उतरले.